बॅटरीची विश्रांती

बॅटरीला विश्रांती द्यायची नसते, एवढी एकच गोष्ट मला कोणी सांगितली नाही. बाकी सगळं सगळ्यांनी सांगितलं. पाणी कोणतं घालायचं, झाकण किती घट्ट लावायचं, शेजारी लोखंडी कपाट ठेवायचं की नाही. इतकंच काय, बॅटरीजवळ मोठ्याने बोलू नये असंही एका गृहस्थांनी सांगितलं. ते गृहस्थ नंतर पुन्हा दिसले नाहीत, पण महिनाभर आम्ही घरात हळू बोलत होतो.

आमच्या वसाहतीत घरं बारा आणि विजेचे खांब शून्य. खांब मंजूर आहेत. मंजूर असल्याचं पत्र माझ्याकडे आहे, त्यावर शिक्का आहे, आणि शिक्क्यावर सही आहे. ते पत्र घेऊन मी वीज कार्यालयात गेलो तेव्हा तिथला कारकून म्हणाला, "खांब मंजूर आहेत. आता ते येणार नाहीत, असं कोणी म्हणू शकत नाही." मी स्वतः एकतीस वर्षं सरकारी भांडारात काढलेली असल्यामुळे या वाक्याचा अर्थ मला लगेच समजला. घरी आलो आणि बायकोला म्हटलं, "सोलर बसवू."

पॅनेलवाल्याने गच्चीवर सहा पॅनेल मांडली, खाली भिंतीला इन्व्हर्टर ठोकला आणि चार बॅटऱ्या आणल्या. त्या उचलताना तो कण्हला आणि मी नुसतं बघूनच कंबर धरली. मग दातांत स्क्रूड्रायव्हर धरून तो म्हणाला, "काका, चार गोष्टी लक्षात ठेवा. डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, नळाचं नाही. टोकांना व्हॅसलीन लावायचं, म्हणजे गंज चढत नाही. अर्ध्याच्या खाली उतरू द्यायच्या नाहीत. आणि थंड, मोकळ्या हवेत ठेवायच्या, गरमीत यांचं आयुष्य निम्मं होतं. बाकी बिनधास्त वापरा."

"किती वर्षं टिकतील?"

"सांभाळल्या तर सहा. नाही सांभाळल्या तर दीड."

'बिनधास्त वापरा' हे मी ऐकलं नाही असं नाही. पण भांडारपालाच्या कानाला 'वापरा' हा शब्द मानवत नाही. माझ्या कारकिर्दीत भांडारात एकही वस्तू कमी भरली नाही, हा माझा लौकिक होता. त्यामागचं गुपित आता सांगायला हरकत नाही: मी कधी कोणाला काही दिलंच नाही. कोणी बल्ब मागायला आला की मी म्हणायचो, जुना बल्ब जमा करा. जुना आणला की म्हणायचो, तो गेल्याचा दाखला आणा. दाखला आणला की तपासणी चालू असायची. मी निवृत्त झालो तेव्हा आठशे बल्ब अगदी कोरे निघाले. ते बसतील असे होल्डर तोपर्यंत जगातून गेले होते, हा भाग वेगळा. तपासनिसांनी माझी पाठ थोपटली आणि ते आठशे बल्ब जड संग्रहाच्या वहीत चढवले.

तर सहा वर्षं. मी मनाशी म्हटलं, आपण आठ काढून दाखवू.

पहिला प्रश्न जागेचा आला. घरात थंड खोली एकच, उत्तरेची. तिला मोठी खिडकी आहे आणि बाहेर भिंतीची सावली. ती आम्ही बाबांसाठी ठेवली होती. बाबा शहाऐंशी वर्षांचे. आयुष्यभर थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे. त्या केबिनमध्ये यंत्राच्या दिव्याची भट्टी असायची आणि खिडकी म्हणून विटेएवढं भोक. "पडद्यावर पाऊस पडायचा, बर्फ पडायचा," ते सांगत, "आणि मी मागे बनियन पिळायचो." चाळीस वर्षं त्यांनी मालकाकडे केबिनसाठी पंखा मागितला. मालकाने तो दिला, निवृत्तीच्या दिवशी, सत्कारात. काळा, लोखंडी, मान फिरवणारा टेबलफॅन. बाबांनी तो पोटच्या पोरासारखा सांभाळला, किंबहुना पोटच्या पोरापेक्षा थोडा जास्तच.

मी बाबांना समजावलं, की उत्तरेच्या खोलीत बॅटऱ्या ठेवाव्या लागतील आणि त्यांना पश्चिमेच्या खोलीत जावं लागेल.

"का?"

"गरमीने आयुष्य निम्मं होतं, बाबा."

"कुणाचं?"

"बॅटरीचं."

"बरं," बाबा म्हणाले, आणि उशी उचलून पश्चिमेच्या खोलीत गेले. पंखा मी उचलला. पश्चिमेच्या खोलीची भिंत दुपारी दोनला तापायला लागते आणि दिवे लावायच्या वेळेपर्यंत तिच्यावर हात ठेववत नाही. बायको दारात उभी राहून हे स्थलांतर बघत होती. ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला मी पस्तीस वर्षं घाबरत आलो आहे, त्या दिवशी घाबरायचं राहून गेलं.

मग मी वही घातली. मोठी, कडक पुठ्ठ्याची, दोनशे पानी. सोबत काचेची नळी आणली. तिच्या टोकाला रबरी फुगा असतो. तो दाबून बॅटरीतलं पाणी वर ओढायचं, म्हणजे आतला तरंगणारा काटा आकडा दाखवतो. साडेबाराशे म्हणजे भरलेली, अकराशे म्हणजे रिकामी. चार बॅटऱ्या, प्रत्येकीला सहा तोंडं, म्हणजे चोवीस आकडे, सकाळी आणि संध्याकाळी. लाल शाईने उतार, निळ्या शाईने चढ. शेवटचा रकाना शेऱ्याचा. दोन महिन्यांत माझ्या पाचपैकी चार पँटींना मांडीच्या त्याच उंचीवर छोटी छोटी भोकं पडली, कारण त्या नळीतून गळतं ते पाणी नसून ॲसिड असतं. वीज कार्यालयातला कारकून त्यानंतर माझ्याशी जरा सौजन्याने वागू लागला. परिस्थिती बिकट आहे असं त्याला वाटलं असावं.

आकडा खाली आलेला मला बघवायचा नाही. दिवा लावला की आकडा खाली यायचा. साहजिकच दिवे कमी झाले. मिक्सर बंद झाला. बायकोने पाटा-वरवंटा काढला आणि मी दिसलो की ती तो जरा जास्त जोरात वाटायची. पंख्याला मी वेळ नेमून दिली: दुपारी तीन ते तीन वीस.

"अरे, वीस मिनिटांत घामही वाळत नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, जपून वापरलं तर आठ वर्षं जाईल."

"मी शहाऐंशीचा आहे."

"म्हणूनच म्हणतो, पुढचा विचार करायला हवा."

यावर बाबांनी बनियनच्या टोकाने मान पुसली. मग म्हणाले, "तुला पेन्शन मिळते ना रे वेळेवर?" बाबांना विषय बदलायची सवय होती.

सल्ल्यांचं म्हणाल तर दोन घरांपलीकडे हेडमास्तर राहतात. निवृत्त आहेत, पण शाळेतून, सल्ल्यातून नाहीत. त्यांच्या घरी बॅटरी नव्हती, कंदील होते, त्यामुळे त्यांचं मत निर्भेळ होतं. "भांडारपाल, बॅटरी म्हणजे विद्यार्थी," ते म्हणाले. "धूळ लागू देऊ नका, उनाड हवा लागू देऊ नका." मग समोरच्या शिलाईवाल्या काकूंकडून मी चार जाड खोळी शिवून आणल्या, कडेला झालर लावलेल्या. खिडकीही बंद केली. आठवड्याने त्या खोलीत कुजक्या अंड्यांचा वास यायला लागला आणि खोळीखालच्या बॅटऱ्यांना हात लावला तर तापलेल्या. चार्ज होताना त्यांना श्वास घ्यावा लागतो, हे पॅनेलवाल्याने 'मोकळ्या हवेत' या दोन शब्दांत सांगितलं होतं. मी ते शब्द वहीत लिहून त्याखाली रेघही मारली होती. रेघ मारली की माझ्या डोक्यातून ती गोष्ट निघून जाते, ही जुनी खोड. दिवसा खिडकी उघडायला लागलो; खोळी मात्र, शिवणावळ दिलेली असल्यामुळे, तशाच ठेवल्या.

काकूंच्या छपरावरही आमच्यासारखीच पॅनेल आहेत. त्यांचं शिलाईचं मशीन सकाळपासून चालू. बॅटऱ्या उघड्या पडवीत, वर कापडाच्या चिंध्या पडलेल्या. "कितवं वर्ष?" मी एकदा विचारलं. "सहावं लागलं," त्या दातांनी दोरा तोडत म्हणाल्या. "रोज राबवते मी त्यांना. पाणी घालते वेळेवर, आणि राबवते." मी घरी येऊन वहीत शेरा लिहिला: समोरच्यांची बॅटरी फार दिवस टिकणार नाही.

उन्हाळा चढला. एका दुपारी तीनला पाच कमी असताना बाबा पंख्यासमोर जाऊन बसले आणि वाट बघता बघता खुर्चीतच कलंडले. डोळे उघडे, पण ओळख नाही. बायकोने ओलं फडकं कपाळावर ठेवलं, मी पळत जाऊन पंखा लावला. तेव्हा तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. हे मला आठवतं, कारण मी घड्याळाकडे बघितलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

डॉक्टर म्हणाले, उष्णतेने झालं, थंड जागी ठेवा. दुसऱ्या दिवशी ताई आली. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, शहरात राहते, तिच्या घरी खांबावरची वीज आहे. तिने पश्चिमेच्या भिंतीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग उत्तरेच्या खोलीचं दार उघडून झालरीच्या खोळी घातलेल्या चार बॅटऱ्या पाहिल्या.

"या इथे राहतात होय?" ती म्हणाली.

"अगं, त्यांना गरमी..."

"काही सांगू नकोस. बॅटऱ्या ठेव तुझ्याजवळ. बाबांना मी नेते."

बाबा गाडीत बसताना मागे वळून म्हणाले, "पंखा राहू दे इथेच. येणारच आहे मी परत." ताई पुढे बघत होती. मी आयुष्यात बऱ्याच तपासण्यांना तोंड दिलंय, पण त्या दिवशी माझ्याजवळ दाखवायला एकही कागद नव्हता.

रात्रभर विचार करून मी निश्चय केला. बाबा परत येतील तेव्हा पंखा वीस मिनिटं नाही, दिवसभर चालेल. संध्याकाळीसुद्धा. त्यांनी नको म्हटलं तरी चालेल. आणि त्यासाठी बॅटरी ताजीतवानी हवी. साडेतीन महिने ती राबली होती (वीस मिनिटं रोज, पण राबलीच होती), तेव्हा तिला आता पूर्ण विश्रांती द्यायची. चारही भरल्या. आकडा साडेबाराशे. घरातले सगळे दिवे बंद केले, इन्व्हर्टरचं समोरचं बटण दाबून बंद केलं. पॅनेलही उन्हात उगाच झिजू नयेत म्हणून गच्चीवर ताडपत्री बांधली. भरलेला डबा झाकून ठेवला की भरलेलाच राहतो, हे भांडाराचं मूलभूत तत्त्व आहे.

"मोठी सुट्टी!" हेडमास्तर म्हणाले. "सुट्टीनंतर मुलं कशी टवटवीत येतात, बघा तुम्ही."

"त्यांची अर्धी मुलं नापास व्हायची," बायको आतून म्हणाली. पण हळू आवाजात, कारण बॅटरीजवळ हळू बोलायची सवय अजून गेली नव्हती.

तीन महिने आम्ही कंदिलात काढले. फोन नाक्यावरच्या दुकानात चार्ज करून आणायचा. आकडे घेणंही मी बंद केलं. झोपलेल्या माणसाला उठवून त्याचा ताप बघत नाहीत. फक्त रोज संध्याकाळी उत्तरेच्या खोलीत डोकावायचो. इन्व्हर्टरवर एक इवलासा लाल दिवा लुकलुकत असायचा. त्या दिव्याने मला फार धीर दिला. सगळं बंद असूनही आत जीव आहे, असं वाटायचं. वहीत रोज एक ओळ लिहायचो: विश्रांती. दुसऱ्या दिवशी: विश्रांती. अशा त्र्याण्णव ओळी झाल्या.

बाबांशी आठवड्यातून एकदा बोलणं व्हायचं. "बॅटरी कशी आहे?" ते आधी विचारायचे. मी सांगायचो, तुमच्यासाठी राखून ठेवलीय. "बरं," ते म्हणायचे. दर वेळी आवाज थोडा बारीक व्हायचा. मग एकदा ताईच फोनवर आली. तिचा आवाजही बारीक होता. "खात नाहीत रे काही. घरी जायचं म्हणतात. इथे पंखा आहे, कूलर आहे, सगळं आहे. म्हणतात, माझा पंखा तिकडे आहे." मग ती म्हणाली, "परवा आणते. चालेल ना पंखा?"

"दिवसभर चालेल," मी म्हणालो. "ताई, शप्पथ. दिवसभर."

मी गच्चीवर जाऊन ताडपत्री सोडली. खाली येऊन बघतो तर लाल दिवा विझलेला. कधी विझला कोण जाणे. पण पॅनेलवर ऊन पडल्यावर इन्व्हर्टर कुईं करून जागा झाला, आणि दुपार व्हायच्या आत त्याच्यावर 'पूर्ण' अशी हिरवी पट्टी आली. पूर्वी भरायला अख्खा दिवस लागायचा, आता अडीच तासांत! मी बायकोला हाक मारून पट्टी दाखवली. "बघ, विश्रांतीचा गुण." ती म्हणाली, "इतक्या लवकर पोट भरतं ते आजारी माणसाचं." बायकांना यंत्रातलं कळत नाही, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवा.

बाबा आले ते ताईच्या आणि माझ्या खांद्यावर. वजन कसं ते लागलंच नाही. बॅटरीच्या एका कोपऱ्याएवढंही नसेल. पश्चिमेच्या खोलीत खाट तयार होती. पंख्याचं मी आदल्या दिवशी एक एक पातं पुसलं होतं. बाबांना टेकून बसवलं. हेडमास्तर आले होते, काकू आल्या होत्या. कोणी बोलावलं नव्हतं, पण आले होते. मी बटण दाबलं.

पंखा सुरू झाला. जुना लोखंडी घरघराट, मान डावीकडे, मान उजवीकडे, आणि डाव्या टोकाला नेहमीसारखा 'कट्' असा आवाज. बाबांच्या कपाळावरचे चार पांढरे केस हलले. त्यांनी डोळे मिटले आणि ते हसले. ते हसणं मी पाहिलं आहे. पुढे जे झालं त्याच्याआधी ते पाहिलं, याबद्दल मी अजून कोणाचे तरी आभार मानतो, कोणाचे ते माहीत नाही.

मग इन्व्हर्टर ओरडायला लागला. आधी थांबून थांबून, मग सलग. पंख्याची घरघर जाड झाली, पाती एक एक करून दिसायला लागली, मान डावीकडे गेली ती 'कट्' म्हणून तिथेच राहिली. मी घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं.

हेडमास्तरांनी तोंड उघडलं होतं, काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी ते मिटलं. मी दोनदा बटण दाबलं, चारदा दाबलं. पट्टी नुसतं बघितलं की हिरवी दिसायची आणि पंखा लावला की मान टाकायची. बाबा डोळे उघडून पंख्याकडे बघत होते, वाट बघत होते, जणू आत्ता रीळ बदलून होईल आणि खेळ पुन्हा सुरू होईल.

हाताशी वही होती. तीच उचलली आणि वारा घालायला लागलो. कडक पुठ्ठा, दोनशे पानं. वारा बरा लागत होता. हात दुखला की दुसऱ्या हातात घ्यायचो. बायको म्हणाली, "आणा इकडे, मी घालते." मी दिली नाही. ताई खाटेच्या पायाशी बसली होती. ती मला एक शब्द बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "यात काय लिहिलंयस रे एवढं?"

"आकडे."

"जाड आहे. वारा चांगला लागतो," ते म्हणाले आणि झोपले.

दुसऱ्या सकाळी पॅनेलवाला आला. त्याने नळी घातली, काटा वर यायलाच तयार नाही. झाकण उघडून आत बॅटरी मारून बघितलं, म्हणजे हातातली उजेडाची. "सल्फेट," तो म्हणाला. "प्लेटांवर पांढरा थर धरलाय, दगडासारखा. काका, किती दिवस बंद होत्या?"

"त्र्याण्णव. पण भरून ठेवल्या होत्या."

"आणि हा इन्व्हर्टर? तार काढली होती?"

"बटण बंद केलं होतं."

त्याने त्या लाल दिव्यावर बोट ठेवलं. "हा पीत होता ना रोज थोडं थोडं. वरून भरणं बंद. बॅटरी रिकामी पडून राहिली की मरते. वापरून इतक्या लवकर मरत नाही ती. रोज वापरायची, रोज भरायची. म्हणून तर म्हटलं होतं, बिनधास्त वापरा." स्क्रूड्रायव्हर त्या दिवशी त्याने तोंडातून काढून हातात धरला होता. माणसं अशा वेळी टोपी काढतात, तसं काहीसं.

त्याने वॉरंटीचं सुचवलं. बॅटऱ्यांना अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी कपडे बदलले, भोकं नसलेली एक पँट शिल्लक होती ती घातली आणि वही काखेत मारून कंपनीच्या कार्यालयात गेलो. तिथे चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी वही उघडली आणि त्यांचा चेहरा उजळला. "काय सुंदर वही आहे हो!" त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून दाखवली. लाल शाई, निळी शाई, शेऱ्याचा रकाना. अपमानाच्या त्या आठवड्यात माझी मान जराशी वर आली. इतक्या वर्षांत माझ्या वहीचं असं कौतुक तपासनिसांनंतर यांनीच केलं. मग त्यांनी पान उलटलं.

"हे 'विश्रांती' काय आहे?"

मी सांगितलं.

त्यांनी वही खाली ठेवली. मग नियमांचा कागद काढून त्यांनी एका ओळीखाली बोट ठेवलं: चार्ज न करता साठवलेल्या बॅटरीला वॉरंटी लागू नाही. "काका, तुम्हीच लिहून दिलंत. त्र्याण्णव वेळा." त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "वही आणली नसतीत तर मी काहीतरी केलं असतं." मग त्यांनी त्या पानांच्या झेरॉक्स काढून घेतल्या आणि वही मला परत केली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात; माझा तर दांडा मीच तासला होता, रोज संध्याकाळी, सुवाच्य अक्षरात. नव्या बॅटऱ्या मागवल्या. यायला नऊ दिवस.

घरी आलो तर बायको कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने बाबांना वारा घालत होती. "वही कुठे नेलीस?" बाबांनी विचारलं. "तिचा वारा बरा होता."

मेलेल्या बॅटऱ्या पॅनेलवाला घेऊन गेला आणि उत्तरेची खोली रिकामी झाली. काकू म्हणाल्या, आमच्याकडे आणा त्यांना, आमचा पंखा चालतो. बाबा म्हणाले, "नको, आता घरीच." मग ताईने आणि मी खाट उत्तरेच्या खोलीत नेली. खिडकी उघडली. बाहेरच्या सावलीतून गार झुळूक येत होती, फुकटची, कोणत्याही आकड्याशिवाय. बाबांनी छाती भरून श्वास घेतला.

"इथे किती बरं आहे रे," ते म्हणाले. "मी उगाच तुला पंखा पंखा करत होतो."

मी बाहेर पडवीत जाऊन उभा राहिलो. बराच वेळ तिथेच होतो.

त्या खोलीत बाबा सहा दिवस होते. सहाव्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलो तेव्हा खिडकीकडे तोंड करून पडलेले होते, आणि वारा येत होता, आणि त्यांना तो लागत नव्हता. नव्या बॅटऱ्या त्यानंतर तीन दिवसांनी आल्या. पॅनेलवाल्याला घरातली माणसं बघूनच कळलं; त्याने आवाज न करता काम केलं. उत्तरेच्या खोलीत ठेवायच्या का, असं त्याने नुसत्या नजरेने विचारलं. मी नाही म्हटलं. मागच्या भिंतीच्या सावलीला छोटं छप्पर काढून त्या तिथे बाहेर ठेवल्या, उघड्या, खोळींशिवाय. जाताना तो म्हणाला, "काका, रोज थोडा लोड द्या. बंद ठेवू नका."

वही मी मिटली. तिच्यातली शेवटची नोंद अशी आहे: पंखा, अकरा मिनिटं. शेऱ्याचा रकाना कोरा आहे.

पंखा उत्तरेच्या खोलीत, खाटेजवळ आहे. दुपारी जेवण झालं की मी तो लावतो, ऊन उतरेपर्यंत चालू असतो. मी विसरलो तर बायको लावते. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. परवा हेडमास्तर आले होते. नेहमीप्रमाणे घरभर नजर फिरवत ते त्या दाराशी थांबले. आत पंखा मान फिरवत होता, डाव्या टोकाला 'कट्' करत होता, आणि चादर थोडी थोडी हलत होती.

"अहो भांडारपाल," ते म्हणाले, "रिकाम्या खोलीत पंखा चालू राहिलाय. बॅटरी उतरेल ना!"

"उतरू दे," मी म्हणालो.